एफ्राइम शे याचें दातेरी एंजिन

वाफेचा जोर कितीहि मोठा असो, तो चाकापर्यंत नीट पोंचला नाहीं तर त्याचा उपयोग काय? अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत लांकूडतोडीचा धंदा करणाऱ्या एफ्राइम शे यास हा प्रश्न सोडविण्यांत कांहीं वर्षें घालवावीं लागलीं.

त्या काळीं तेथील पाइनच्या अरण्यांतून ओंडके बाहेर काढीत ते हिवाळ्यांत. बर्फ पडून वाटा टणक झाल्या कीं घोडे जुंपलेल्या घसरगाड्या चालूं लागत. बर्फ कमी पडलें, कीं धंदा बसला! शे यानें १८७५ सालीं स्वतःचा अरुंद रुळांचा मार्ग घातला व हिवाळ्याची वाट पाहणें सोडलें. परंतु गाड्या ओढणार कोण? घोडे चढावर थकत, आणि उतारावर भरलेली गाडी मागून त्यांच्या अंगावर येण्याचें भय.

नेहमीचें एंजिनहि येथें कुचकामाचें. त्यांत दट्ट्याचा जोर लोखंडी दांड्यांनीं थेट चाकांस मिळतो. पक्क्या सडकेवर ही योजना उत्तम; पण जंगलांतील रूळ कच्च्या मातीवर घाईनें टाकलेले, वांकडेतिकडे, आणि झाडें संपतांच उचलून पुढें न्यावयाचे. तेथें असें एंजिन रुळांस हादरे देई, वळणावर अडे, चढावर त्याचीं चाकें जागच्या जागीं फिरत.

१८७७ च्या सुमारास शे यानें एका सपाट डब्यावर उभा बॉयलर व यंत्र बसविलें. जोर खालीं आंसापर्यंत नेण्यास प्रथम त्यानें साखळी लावली. ती निभेना, म्हणून पट्टा लावून पाहिला. साखळी काय किंवा पट्टा काय, दोहोंनाहि सारखा ताण लागतो. आणि खालींवर होणारा मार्ग तो ताण कायम राहूं देत नाहीं.

यंत्रास निश्चित रूप आलें तें ओहायओमधील लायमा येथील कारखान्यांत, १८८० सालीं. पेटंट पुढच्या वर्षीं मिळालें. सिलिंडर उभे, आणि सारे उजव्या कुशीस. तोल राखण्यासाठीं बॉयलर डावीकडे सरकविलेला. त्यामुळें समोरून पाहणारास एंजिन तिरपें बसविल्यासारखें वाटे. उजव्या बाजूस चाकांलगत एक लांब शाफ्ट, आणि त्यावरील लहान दंतचक्रें प्रत्येक चाकाच्या बाहेरील मोठ्या दंतचक्रांत अडकविलेलीं. खरी युक्ति शाफ्टमध्येंच होती. तो एकसंध नव्हता. मनगटाप्रमाणें वळणारे सांधे त्यांत होते, आणि कांहीं भाग चौकोनी नळींत पुढेंमागें सरकत. बोगी वळली कीं शाफ्ट वांके. अंतर वाढलें कीं लांब होई. जोर मात्र तुटत नसे.

चाकाच्या एका फेरीस शाफ्टच्या दोहोंहून अधिक फेऱ्या लागत. त्यामुळें वेग थोडा, पण ओढ विलक्षण. वाफेचे फुत्कार इतके भरभर निघत, कीं केवळ कान देणारास एंजिन धूम पळत आहे असा भास व्हावा आणि पाहावें तर तें बैलगाडीच्या चालीनें चढ चढत आहे!

हीं दंतचक्रें उघडीं असत. चिखल व वाळू त्यांत शिरे, दाते झिजत, सांधे ढिले पडत. हा दोष खराच. परंतु सगळा कारभार एका बाजूस, डोळ्यांसमोर होता. बिघाड कोठें आहे हें जंगलांतल्या साध्या मिस्त्रीसहि कळे, आणि मोडलेला भाग तेथल्या तेथें बदलतां येई. प्रतिस्पर्धी क्लायमॅक्स व हाइस्लर एंजिनांत शाफ्ट मध्यभागीं, पोटाखालीं असे. १९०१ सालीं शे यानें सुधारलेल्या बोगीचें आणखी एक पेटंट घेतलें.

लायमा येथें अशीं सुमारें २,७७० एंजिनें तयार झालीं. पूर्वीं जेथें ओंडका नेणें परवडत नसे, त्या डोंगरांतहि कुऱ्हाड पोंचली. १९१६ सालीं मिशिगनांतच शे वारला, तोंवर तेथील विस्तीर्ण पाइनवनें बहुतेक उजाड झालीं होतीं. १९४५ सालीं बनलेलें शेवटचें एंजिन वेस्ट व्हर्जिनियांतील कॅस या जुन्या लांकूडतोडीच्या गांवीं जपून ठेवलें आहे. तेथें १९६३ पासून ओंडक्यांच्या जुन्या मार्गावर प्रवासी डोंगर पाहावयास जातात.