फेझंट, बंदूक आणि कुत्रा

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात सँडरिंगहॅम नावाची राजघराण्याची इस्टेट आहे. तिथली घड्याळं कित्येक वर्षं बाकीच्या इंग्लंडच्या अर्धा तास पुढे असायची. कारण काय, तर सातव्या एडवर्डला (तेव्हा तो युवराज होता) हिवाळ्यातल्या आखूड दिवसांत शिकारीला जरा जास्त उजेड मिळावा! ही प्रथा आठव्या एडवर्डने १९३६ साली बंद केली. शिकार म्हणजे वाघ-सिंहांची नव्हे बरं का. ती असायची पक्ष्यांची, आणि त्यातही मानाचा पक्षी म्हणजे फेझंट.

फेझंट हा आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्याच कुळातला. नराचं अंग तांबूस सोनेरी, मान हिरवी चकचकीत, डोळ्यांभोवती लाल, शेपूट लांबलचक. गंमत म्हणजे इंग्लंडची शान समजला जाणारा हा पक्षी मुळात इंग्लंडचा नाहीच. त्याचं नाव पडलं ते काळ्या समुद्राला मिळणाऱ्या फासिस नदीवरून, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या रिओनी नदीवरून. माणसांनी त्याला पश्चिमेकडे नेलं आणि मध्ययुगात तो इंग्लंडमध्ये चांगला रुळला.

याची एक खोड आहे. उडण्यापेक्षा पळणं याला जास्त पसंत. माणूस दिसला की गवतातून, काटेरी कुंपणातून सुरसुरत पुढे जातो, नाहीतर पायाशी येईपर्यंत दबून बसतो आणि अचानक केवढा तरी फडफडाट करून सरळ वर उठतो. एकट्या माणसाला तो सापडणं कठीण. म्हणून कुत्रा हवा. आणि मला या सगळ्या इतिहासात रस वाटतो तो या कुत्र्यामुळेच.

बंदुकीच्या आधी जाळं होतं. पक्ष्याचा वास आला की कुत्र्याने जमिनीसरशी बसायचं आणि शिकाऱ्यांनी जाळं टाकायचं, प्रसंगी कुत्र्याच्या अंगावरूनसुद्धा. ‘सेटर’ हे नाव त्या बसण्यावरून आलं. स्पॅनियल कुत्र्यांचं काम वेगळं. झुडपात घुसून पक्षी उठवायचा आणि ससाण्याला त्याच्यावर झडप घालू द्यायची. मग ठासणीची बंदूक आली. दारू ओता, बोळा कोंबा, छर्रे घाला, पुन्हा बोळा, वरून गज. इतकं करून एका नळीतून एक बार. अशा बंदुकीला उतावळा कुत्रा काय कामाचा? तिला हवा होता पॉइंटर. वास लागताच जागच्या जागी थिजणारा, नाक पक्ष्याच्या दिशेला, कधी एक पाय वर. मालक येईपर्यंत तसाच उभा. या शिकारीत दिवसभर चालणं फार आणि हाती पक्षी थोडे. शिकारीची लय कुत्र्याच्या हातात होती (पायात म्हणू या हवं तर).

पण ही लय सगळ्यांसाठी नव्हती. १६७१च्या कायद्याने ठरवून टाकलं होतं की वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल, किंवा तितकंच वजनदार घराणं असेल, तरच शिकार करायची. बाकीच्यांनी स्वतःच्या शेतातला फेझंटही मारायचा नाही. एवढंच नाही, तर इस्टेटीचे रखवालदार अशा माणसांच्या घरात शिरून जाळी, बंदुका आणि कुत्रेही जप्त करू शकत. कुत्रा बाळगणं हाच गुन्ह्याचा पुरावा! रानात दोरी ओढली की आपोआप उडणाऱ्या बंदुका लावलेल्या असत. त्यांवर बंदी आली १८२७ साली. त्याच्या पुढच्याच वर्षीच्या कायद्यानुसार रात्री चोरून शिकार करताना तिसऱ्यांदा सापडलेल्याला सात वर्षं सातासमुद्रापार धाडता येत असे. घरी चूल पेटवायची म्हणून एक पक्षी मारला तर ती चोरी, आणि मालकाने शंभर मारले तर तो खेळ.

हे वाचताना मला आपल्याकडचे फासेपारधी आठवतात. तित्तर-लावे फाशांत धरण्यात पिढ्यानपिढ्या तरबेज असलेली माणसं. त्याच ब्रिटिश राज्यात १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे पारधी समाजातल्या गटांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. कायदा गेला १९५२ साली, शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. साहेब आणि संस्थानिक त्याच माळांवर बंदुका घेऊन हिंडत, त्यांचे मात्र फोटो भिंतीवर लागत. असो.

इंग्लंडमध्ये १८३१च्या कायद्याने मालमत्तेची अट काढली. परवाना घ्या, जमीनमालकाची संमती घ्या आणि शिकार करा. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हेही त्याच कायद्यातलं, आणि ते इंग्लंडमध्ये आजही चालू आहे. पण संमती देणारा मालक तोच राहिला, त्यामुळे गरिबाला फारसा फरक पडला नाही. खरा फरक पडला तो बंदुकीने. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात एक फ्रेंच बंदूक आली होती. मागून उघडायची, काडतूस घालायचं, बंद करायची. इंग्रज कारागिरांनी ती कल्पना उचलली आणि सुधारली. काही वर्षांतच ठासणी गेली, काडतुसाची दुनळी आली, आणि मिनिटभराचं काम काही सेकंदांवर आलं.

आता पक्ष्यांमागे चालायचं कशाला? पक्षीच आपल्याकडे आणावेत! हाकारे रान उठवू लागले, बंदूकवाले एका रांगेत उभे राहिले आणि फेझंट त्यांच्या डोक्यावरून उडू लागले. शेजारी नोकर दुसरी भरलेली बंदूक घेऊन हजर. इतके पक्षी आणायचे कुठून? तर पाळून, वाढवून सोडायचे. रखवालदारांनी कोंबड्यांच्या पोटाखाली फेझंटची अंडी उबवली. या सगळ्यात पॉइंटर बेकार झाला. शोधायला काही उरलंच नाही. आता हवा होता तो बार थांबेपर्यंत चुपचाप बसणारा, कोणता पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवणारा आणि पाण्यातून, काट्यांतून तो शोधून आणणारा कुत्रा. म्हणजे रिट्रीव्हर.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गिसाकन नावाची इस्टेट होती. तिचा मालक, पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेला, त्याने १८६८ साली नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची पाणकुत्री यांची जोडी लावली. त्यांची पिल्लं म्हणजे आजच्या गोल्डन रिट्रीव्हरचे पूर्वज. बरीच वर्षं लोक सांगत की हे कुत्रे रशियन सर्कशीतून आले. पण १९५२ साली लॉर्डसाहेबांची पैदाशीची वही प्रसिद्ध झाली आणि सर्कस कोसळली. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचे, गार पाण्यात उड्या मारणारे कुत्रे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरदारांनी ते वाढवले आणि १९०३ साली त्या जातीला केनेल क्लबची मान्यता मिळाली.

या कुत्र्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तोंडाचा मऊपणा. पक्षी दातांत धरायचा पण दात लावायचा नाही. ज्याने पक्षी चावला, त्याची पैदास पुढे न्यायची नाही, असं पिढ्यानपिढ्या चाललं. आपल्या सोसायटीतला लॅब्रॅडॉर चप्पल पळवतो आणि आपल्यासमोर अलगद आणून ठेवतो, तेव्हा तो दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलाची काळजी घेत असतो!

या थाटाचं टोक म्हणजे १८ डिसेंबर १९१३. बकिंगहॅमशायरमधल्या हॉल बार्न इस्टेटीवर पाचवा जॉर्ज आणि त्याचे सोबती, सात बंदुका. एका दिवसात ३,९३७ फेझंट मारले गेले. एकट्या राजाचे हजारावर. परतताना आज जरा अतिच झालं, अशा अर्थाचं राजा आपल्या मुलाला बोलला, असं त्या मुलाने पुढे लिहून ठेवलं. राजालाही ते जाणवलं म्हणायचं.

मी शिकारीच्या बाजूने अजिबात नाही. तरी एक गोष्ट मान्य करावीच लागते. छर्रे लागलेला प्रत्येक पक्षी मरत नाही. पंख मोडलेला फेझंट झुडपात धावत सुटतो आणि तिथे तासन् तास तडफडत राहू शकतो. बंदूकवाल्याची नजर तोवर पुढच्या पक्ष्यावर गेलेली असते. त्या जखमी पक्ष्याची आठवण ठेवतो तो कुत्रा. काट्यांत घुसून त्याला घेऊन येतो, मग माणूस त्याचे हाल संपवतो. त्या हजारोंच्या ढिगात एकेका पक्ष्याचा हिशेब ठेवणारा तेवढाच एक जीव.

अमेरिकेत याच पक्ष्याची गोष्ट वेगळी घडली. शांघायमधले अमेरिकन कॉन्सुल जनरल ओवेन डेनी यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून फेझंट ओरेगनला पाठवले. साउथ डकोटात पहिला हंगाम १९१९ साली, तोही एका काउंटीत आणि एकच दिवस. १९४३ साली फेझंट तिथला राज्यपक्षी झाला. तिथे शेतकरी, दुकानदार, मास्तर असे साधे लोक कापणी झालेल्या मक्याच्या शेतांतून आपापल्या कुत्र्यामागे चालतात. स्प्रिंगर स्पॅनियल बंदुकीच्या टप्प्यात राहून पक्षी उठवतो, आणि पडला की तोच आणून देतो. राजाने मोडलेली ती चालण्याची लय इथे साध्या माणसांच्या पायांत परत आली.

ब्रिटनमध्ये आजही दरवर्षी तीन कोटींहून जास्त फेझंट शिकारीसाठी सोडले जातात. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीचा विषय संपला, ते उत्तमच झालं. कुत्रा मात्र आपल्या घरी आला. बंदूक गेली, इस्टेट गेली, राजा गेला, आणि त्या सगळ्यातून मागे उरलं ते एक मऊ तोंड आणि हरवलेली वस्तू शोधून आणून देण्याची हौस. वारसा म्हणून माणसाने याहून बरंच वाईट काही मागे ठेवलेलं आहे.