जलाशयोत्सर्ग आणि वहिवाट

बिलोलीच्या पश्चिमेस, नांदेड जिल्ह्यांतच, कंधार हें राष्ट्रकूटकालीन स्थळ आहे. तेथील जगत्तुंगसमुद्र या तलावाचें नांव तिसऱ्या कृष्णाच्या (इ. स. ९३९–९६७) शिलालेखांत आढळतें. नांव राजाचें, परंतु पाणी कोणाचें, हा प्रश्न आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे.

धर्मशास्त्राचें उत्तर निःसंदिग्ध आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टानें सतराव्या शतकांत रचिलेल्या ‘भगवंतभास्करा’चा ‘उत्सर्गमयूख’ हा भाग या विधीसच वाहिलेला आहे. उत्सर्गानें कर्ता आपलें स्वामित्व सोडतो आणि स्नान, पान व अवगाहन यांसाठीं तें जल सर्व भूतांस अर्पण करितो. अवगाहन म्हणजे पाण्यांत उतरणें, डुंबणें; तेव्हां पोहणाराचा हक्कहि या विधीच्या कक्षेंत येतो.

वहिवाट मात्र निराळी होती. कोंकणांतील महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां प्राचीन रूढीचा आधार घेऊन त्यांजवर दिवाणी दावा लावण्यांत आला. अशी पुरातन रूढि सिद्ध होत नाहीं, असें ठरवून मुंबईच्या उच्च न्यायालयानें १७ मार्च १९३७ रोजीं वादींचें अपील फेटाळलें.

सारांश, रूढीचें प्राचीनत्व नुसतें सांगून भागत नाहीं. तें लेखांनीं सिद्ध व्हावें लागतें. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, दप्तरांतील तळीं, बारवा व घाट यांसंबंधींचीं दानपत्रें, सनदा व निवाडे किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत. पाण्यांत कोण उतरे व कोणास मज्जाव असे, याचा निर्णय त्यांवरूनच व्हावयाचा आहे.