राहुटी, पाल आणि घोंगडी

मराठ्यांचा इतिहास वाचताना आपण लढायांच्या तारखा पाहतो, तहांची कलमे तपासतो. पण लढाईच्या आदल्या रात्री शिपाई कशाखाली निजला आणि त्याने अंगावर काय घेतले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. मोहिमेवर निघणाऱ्याला मात्र तो सर्वांत आधी सोडवावा लागे. निवारा भक्कम हवा तर ओझे वाढते, आणि ओझे वाढले की वाट मंदावते. या हिशेबात कोणी काय सोडले आणि काय बरोबर घेतले, हे पाहू लागलो की परिचित इतिहासही थोडा निराळा दिसू लागतो.

आरंभ एका शब्दापासून करू. 'छावणी' हा शब्द आज आपल्याला लष्करी वाटतो. पण त्याच्या मुळाशी छप्पर शाकारण्याची क्रिया आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्कराने छावणीत राहावे आणि दसऱ्याला मुलूखगिरीसाठी बाहेर पडावे, अशी शिवकालीन व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत (1697) नोंदवली आहे. म्हणजे वर्षाचे दोन भाग आणि निवाऱ्याचे दोन प्रकार: चार महिने गवताच्या छपराखाली, आठ महिने उघड्यावर.

गवताच्या छपराचा धोका कोणता, हे चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या सुप्रसिद्ध पत्रात दिसते. रयतेला कसलाही उपद्रव देऊ नका, ही त्यातील आज्ञा सर्वांना ठाऊक असते. त्याच पत्रात आगीविषयीची सूचनाही आहे. कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, रात्री दिवा तसाच जळत ठेवील, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्यांसह सारी छावणी खाक होईल. राज्यकर्त्याची नजर उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत पोहोचावी, याचे आम्हांला नेहमीच नवल वाटत आले आहे. तंबू, खोपट यांची निवड जो खरोखर जाणतो, तोच असा विचार करू शकतो.

उरलेल्या आठ महिन्यांचा सोबती म्हणजे घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, ताण्याला चिंचोक्यांची खळ, आणि हातमागावरचे दाट विणकाम. भिजली तरी ती ऊब सोडत नाही. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेता येते, रात्री तीच अंथरूण होते आणि तीच पांघरूण. तिच्या जोडीला जाड सुती पासोडी. दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिण्यासाठी अशीच एक लांबलचक पासोडी निवडली आणि अंबाजोगाईला ती आजवर जपली गेली, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको. पांघरुणाचा ग्रंथ व्हावा, इतके हे वस्त्र आपल्या जगण्याच्या जवळचे होते.

याच्या दुसऱ्या टोकाला मोगलांचा मुक्काम. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने बादशाही तळ हलवण्यासाठी लागणारी वाहतूक दिली आहे: 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल. हा तळ म्हणजे चालते नगरच. 1689 मध्ये तुळापूरच्या तळावर छापा घालून संताजी घोरपडे यांच्या लोकांनी बादशाही डेऱ्याचे तणाव कापले आणि सोन्याचे कळस उचलून नेले, अशी कथा बखरी सांगतात. 1702 मध्ये विशाळगडाहून परतणाऱ्या मोगल फौजेची भर पावसाळ्यात जी दैना झाली, तिच्यासाठी तर शत्रूचीही फारशी गरज पडली नाही.

यावरून सोपा निष्कर्ष काढला जातो: घोंगडी म्हणजे विजय, डेरा म्हणजे विलास आणि विलास म्हणजे पराभव. पालखेड (1728) एका बाजूला आणि पानिपत (1761) दुसऱ्या बाजूला ठेवून हा सिद्धान्त आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आम्हांला तो अपुरा वाटतो. पानिपतच्या तळावर बायकामुले होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. मुक्काम सुमारे अडीच महिने पडला, तोही उत्तरेच्या थंडीत आणि रसद तुटलेली असताना. तेथे घोंगडीवर भागवा असे कोणाला सांगणार? चूक तंबू नेण्यात नव्हती. ज्यांना छपरावाचून ठेवता येत नाही अशांना अशा मोहिमेवर नेण्यात होती. निवारा ऋतू पाहून, मुक्कामाची मुदत पाहून आणि सोबत कोण आहे हे पाहून ठरतो. यांतील तिसरी बाब इतिहासकार अनेकदा विसरतात.

पुढे 1809 मध्ये ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडला. त्याची पत्रे 1813 मध्ये प्रसिद्ध झाली. बिनीवाल्याने पुढे जाऊन निशाण रोवावे आणि त्याभोवती बाजारासह सारे गाव उभे राहावे, हे त्याने पाहिले. या गावातही उतरंड होती: सरदाराला कनातीचा डेरा, त्याखालच्यांना राहुटी, दुकानदाराला दोन काठ्यांवर ताणलेले पाल. राहुटी आणि पाल हे दोन्ही शब्द 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात जाऊन बसले. ज्यांच्या डोक्यावर पालही नव्हते, त्यांच्यासाठी मात्र कोशात शब्द नाही. घोंगडीखाली निजलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार?

ती नोंद, आमच्या मते, एका वेगळ्या ठिकाणी उरली आहे. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आणि माउलींचा तंबू त्या सोहळ्यात आजही आहेत. चोपदार आहेत, मुक्कामांचा क्रम आहे, दिंड्यांच्या राहुट्या आहेत. लष्कराची सारी रीत येथे आहे. फक्त लढाई नाही. आणि आषाढाच्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन चालणारा वारकरीही आहे. छावणी मोडली, तिच्या निवाऱ्याला मात्र अशी नवी वाट मिळाली.