पहिल्या डिस्कचा मान

एका संगणकात दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसविल्या असता तो सुरू होतानाच अडून बसतो, ही तक्रार आज चाळीस वर्षांची जुनी झाली आहे. आणि ज्याअर्थी या अवधीत यंत्रे बदलली, जोडण्या बदलल्या, नामांकित कारखाने उदयास आले व लयास गेले, तरी तक्रार आपल्या जागी कायम राहिली, त्याअर्थी तिचे मूळ एखाद्या कारागिराच्या अज्ञानात किंवा एखाद्या दुकानदाराच्या गफलतीत नसून यंत्राच्या मूळ घडणीतच असले पाहिजे. ते मूळ शोधावयाचे तर १९८१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. वीज मिळताच काय करावयाचे याची ताकीद बायोस नावाच्या, चिपमध्ये कायम कोरलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमला देऊन ठेवलेली होती: प्रथम फ्लॉपी पाहावी आणि ती नसेल तर यंत्रातच साठविलेली बेसिक भाषा सुरू करावी. मार्च १९८३ मध्ये एक्सटी हे पुढचे यंत्र १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आले, आणि फ्लॉपी व बेसिक यांच्या मधोमध तिला जागा मिळाली. ही व्यवस्था करताना रचनाकारांनी हार्ड डिस्क ओळखण्यासाठी नाव, मुद्रा किंवा अन्य कोणतीही निशाणी मुक्रर केली नाही. जी प्रथम मोजली जाईल ती पहिली, तिच्यामागून येईल ती दुसरी, आणि यंत्र सुरू करण्याचा अधिकार केवळ पहिलीचा, असा शिरस्ता त्यांनी घालून दिला. एकच डिस्क बाळगणेही जेथे चैनीचे होते, तेथे या शिरस्त्यात कोणालाही वावगे दिसण्याचे कारण नव्हते. परंतु पुढील सर्व तंटे येथूनच निघाले, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडील वतनाच्या कज्ज्यांत भावाभावांपैकी वडीलकी कोणाची आणि पहिला मान कोणाचा हे ठरविण्यासाठी गोतसभा बसत असे, महजर होत असे, जुने कागद रुजू होत असत. येथे मात्र दोन डिस्कांपैकी वडील कोणती हे त्यांच्या तारेतील जागेवरून ठरणार होते, आणि जागा तर हाताने केव्हाही बदलता येत होती.

पहिल्या डिस्कचा हा अधिकार तिच्या अगदी आरंभीच्या ५१२ बाइटांत साठविलेला असे. त्यांपैकी ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींसाठी, आणि शेवटचे दोन बाइट हा आरंभविभाग अस्सल असल्याची खूण म्हणून, अशी ही काटेकोर वाटणी होती. आणि चार नोंदींपैकी ज्या एकीवर ‘अॅक्टिव्ह’ असा शिक्का असेल, तिच्याकडे कारभार सोपवून हा प्रोग्रॅम निवृत्त होत असे. ज्यावर शिक्का होता त्या विभागात कार्यप्रणालीच नसली, तर पडद्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ एवढे तीन शब्द उमटत आणि यंत्र तेथेच थांबे. आयबीएमच्या धर्तीवर यंत्रे बनविणाऱ्या इतर कंपन्यांपाशी ती अंगभूत बेसिक भाषा नव्हती. सबब त्यांच्या काही यंत्रांवर डिस्क न सापडल्यास ‘नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड’ असा संदेश येई. ज्याने बेसिक कधी पाहिलीही नाही, त्या मनुष्याला या संदेशावरून आपल्या डिस्कची केबल निसटली आहे हे कळावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

डॉस कार्यप्रणालीने या गुंत्यात आपली भर घातली. तिचा नियम असा की प्रथम प्रत्येक डिस्कच्या मुख्य विभागाला क्रमाने अक्षर द्यावयाचे आणि त्यानंतर उपविभागांकडे वळावयाचे. त्यामुळे ज्याच्या एकाच डिस्कवर सी आणि डी असे दोन विभाग सुखाने नांदत होते, त्याने दुसरी डिस्क जोडताच नव्या डिस्कचा मुख्य विभाग डी होऊन बसे आणि जुन्या डी ला ई हे अक्षर स्वीकारावे लागे. हिशेबाचा प्रोग्रॅम आपले दप्तर डी वर शोधी, त्याला ते मिळत नसे, आणि सर्व कागद नष्ट झाले या समजुतीने मालकाचे धाबे दणाणे. वस्तुतः एक अक्षरही पुसलेले नसे. जाणते कारागीर दुसऱ्या डिस्कवर मुख्य विभाग करीतच नसत. सारी डिस्क उपविभागातच घालीत, म्हणजे जुन्या अक्षरांना धक्का न लागता नवी अक्षरे त्यांच्यामागून लागत.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल व कंट्रोल डेटा यांच्या सहकार्यातून आयडीई ही जोडणी निघाली आणि एकाच चपट्या केबलवर दोन डिस्क बसू लागल्या. १९९४ साली तिला अमेरिकी मानकाचे रूप मिळाले, तेव्हा त्या दस्तात या दोन डिस्कांना शून्य व एक असे क्रमांक होते. बाजारात मात्र त्या मास्टर आणि स्लेव्ह याच नावांनी चालल्या. कोणती डिस्क कोण, हे जम्पर ठरवी. नखाहूनही लहान अशी ती प्लॅस्टिकची टोपी, आत धातूची पट्टी; डिस्कच्या मागील बाजूस, केबलच्या खोबणीशेजारी, उभ्या असलेल्या बारीक पिनांपैकी नेमक्या दोहोंवर ती चिमट्याने चढवावयाची, आणि कोणत्या दोहोंवर याचा नकाशा डिस्कच्या पाठीवरील कागदी पट्टीवर छापलेला असे. दोन्ही डिस्क मास्टर राहिल्या तर बहुधा एकही दिसत नसे. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कांवर तर ‘एकटी’ आणि ‘सोबत स्लेव्ह असलेली मास्टर’ अशा दोन निरनिराळ्या जागा होत्या. जोडीतील स्लेव्ह काढून घेतली आणि जम्पर मात्र तेथेच राहू दिला, तर मागे उरलेली निरोगी डिस्क नसलेल्या सोबतिणीची वाट पाहत राही आणि यंत्र तिला मृत समजे. काढलेला जम्पर हरवू नये म्हणून एकाच पिनेवर आडवा अडकवून ठेवण्याची रीत ज्या कोणी प्रथम पाडली, त्याचे नाव कोठे नोंदले गेले नाही, परंतु तो शहाणा मनुष्य असला पाहिजे.

हे ज्ञान आपल्याकडे पुस्तकांतून आले नाही. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस, ज्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण लोकांच्या तोंडी अद्याप लॅमिंग्टन रोडच आहे, त्या रस्त्यावर पूर्वीपासून रेडिओचे सुटे भाग मिळत. पुढे तेथेच संगणकाचा बाजार वसला आणि असेंबल्ड यंत्रांनी मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केला. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीने विजेच्या सामानाची तीच परंपरा सांभाळली. अशा पेठांतल्या टेबलांवर कारागिरांची जी पिढी तयार झाली, तिची पद्धत आजही अनुकरणीय आहे. यंत्र अडले की प्रथम सर्व डिस्कांच्या केबली काढावयाच्या. जिच्यावर कार्यप्रणाली आहे तेवढी एकच डिस्क लावून यंत्र सुरू होते की नाही ते पाहावयाचे. झाले तर दुसरी, मग तिसरी, अशी एकेक जोडीत जावयाचे, आणि जिच्या आगमनाने अडथळा परत येईल तिचा जम्पर, तिची केबल, तिच्यावरील शिक्का तपासावयाचा. दोन डिस्क एकदम फिरू लागताना क्षणभर वीज अधिक खेचतात आणि दुबळा पॉवर सप्लाय तेथेच मान टाकतो, हेही त्यांना ठाऊक असे. याच बाजारात दुसरीही एक जात होती, जी कोणत्याही रोगावर फॉरमॅट हे एकच औषध देई. त्या औषधाने कित्येक घरांतील छायाचित्रे आणि कित्येक कचेऱ्यांतील हिशेब विनाकारण गेले, आणि या व्यवसायाच्या इतिहासातील हा डाग झाकून ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

फॉरमॅटची सवय लागण्यास आरंभविभागातील विषाणूही कारण झाले, हे मान्य केले पाहिजे. ते ५१२ बाइट कोणालाही लिहिता येत होते. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ नावाचा विषाणू तेथेच दडून बसे आणि ५ जानेवारीला यंत्र अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करावयास लावी. पुण्यात कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी याच दशकात विषाणूनिवारणाचा उद्योग उभारला, त्यातून क्विक हील निर्माण झाले. दुरुस्तीच्या टेबलावरून उद्योग उभा राहिल्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१९९६ च्या जानेवारीत कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल यांनी मिळून एक नियमावली प्रसिद्ध केली आणि कोणत्या साधनावरून यंत्र सुरू करावयाचे याचा क्रम प्रथमच पद्धतशीरपणे मालकाच्या हाती आला. तथापि अनेक यंत्रांत याद्या दोन असत: एकीत फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क असा वर्गांचा क्रम आणि दुसरीत हार्ड डिस्कांचा आपसांतील क्रम. पहिली यादी पाहून दुसरी न उघडणे ही त्या काळातील सर्वांत सामान्य चूक होय. शिवाय हा सारा क्रम ज्या स्मृतीत राही ती नाण्याएवढ्या बॅटरीवर अवलंबून असे. बॅटरी संपली की यंत्र आपल्या मूळ समजुतींवर परत जाई. २००३ पासून साटा जोडणी आली, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल मिळाली, जम्परचे राज्य संपले. परंतु पहिली कोण, हा प्रश्न संपला नाही.

तो किती खोल रुजला होता हे विंडोज एक्सपीच्या बूट.आयएनआय या फायलीवरून दिसे. तीत कार्यप्रणालीचा पत्ता ‘मल्टी(०)डिस्क(०)आरडिस्क(०)पार्टिशन(१)’ अशा स्वरूपात असे. यातील आरडिस्कपुढचा आकडा म्हणजे डिस्कचा क्रमांक आणि तो शून्यापासून मोजावयाचा. पार्टिशनपुढचा म्हणजे विभागाचा, आणि तो मात्र एकापासून. नवी डिस्क क्रमाने आधी मोजली गेली की जुनी डिस्क शून्याची एक होई, फाइल मात्र जुनाच पत्ता सांगत राही, आणि यंत्र ‘हाल.डीएलएल’ ही फाइल हरवली किंवा बिघडली असल्याचे जाहीर करी. ती फाइल आपल्या जागी सुरक्षित असे. एका आकड्याची दुरुस्ती पुरी पडावी तेथे लोक कार्यप्रणाली नव्याने घालीत बसत.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, डिस्क तिच्यावर लिहिलेल्या सहीवरून ओळखली जाऊ लागली. लिनक्सकरांनीही आपले विभाग क्रमांकाऐवजी दीर्घ ओळखचिन्हांनी नोंदविण्याची वहिवाट पाडली. पुढे बायोसची जागा यूईएफआयने घेतली. जुन्या चार नोंदींच्या जागी साधारणतः १२८ नोंदींचा तक्ता आला आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवण्याची तजवीज झाली. जागेकडून नावाकडे झालेला हा प्रवास मी या इतिहासातील खरी प्रगती मानतो. त्यातूनही नवे तंटे निघालेच. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरविली की सहीसुद्धा उतरते, आणि दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज त्यांपैकी एकीला बाजूस सारते. त्याहून अधिक फसविणारा प्रकार असा की विंडोज नव्या वेगवान डिस्कवर बसविताना, जुन्या डिस्कवर आरंभीचा छोटा विभाग आधीच असेल, तर बसविणारा प्रोग्रॅम आपल्या आरंभीच्या फायली पुष्कळदा तेथेच ठेवतो. वर्ष-दोन वर्षे सर्व बिनबोभाट चालते. मग जुनी डिस्क निकामी ठरवून काढली जाते आणि नवीकोरी डिस्क अंगी काहीही दोष नसताना मुकी होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे दोन डिस्कांचे यंत्र असेल त्यांनी नवी कार्यप्रणाली घालताना बाकीच्या डिस्कांच्या केबली काढून ठेवाव्यात. जुनी डिस्क काढण्यापूर्वी तिच्याविना यंत्र एकदा सुरू करून पाहावे. आणि ती मोडीत देण्याची घाई करू नये. यंत्र अडले आणि दुकानात कोणी फॉरमॅटची गोष्ट काढली, तर प्रथम एकच डिस्क लावून पाहण्यास त्याला सांगावे.