फॉन्ट बदलताच एक्सेल बंद पडतं? असं शोधा कारण

काजूच्या हंगामाचा हिशेब असो वा होमस्टेचं बुकिंग, रेडीसारख्या गावात सगळं एकाच एक्सेल फाइलमध्ये असलं आणि अक्षर ठळक करताच ती बंद पडली, तर कामच अडतं. आधी फाइलची प्रत काढा आणि पुढचे उपाय त्या प्रतीवरच करा.

दोष कुठे आहे?
कोरी फाइल उघडून फॉन्ट बदला. ती नीट चालली, तर दोष बहुधा तुमच्या फाइलमध्ये आहे. तीही बंद पडली, तर एक्सेल, फॉन्ट किंवा प्रिंटर ड्रायव्हर तपासा.

फाइलमध्ये दोष असेल तर
- 'ओपन' बटणाशेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर' निवडा.
- इकडचं तिकडचं पेस्ट करून फॉरमॅट साचतात. नव्या फाइलमध्ये ६५,४९० वेगवेगळे फॉरमॅट बसतात, जुन्या 'एक्सएलएस'मध्ये फक्त ४,०००. म्हणून फाइल 'एक्सएलएसएक्स'मध्ये साठवा आणि नको तिथे 'क्लिअर फॉरमॅट्स' वापरा.

बाहेर दोष असेल तर
- कंट्रोल की दाबून धरून एक्सेल सुरू करा. या सेफ मोडमध्ये ते चाललं, तर ॲड-इन एकेक करून बंद करा.
- डीफॉल्ट प्रिंटर बदलून पाहा.
- संशयित फॉन्ट काढून पुन्हा टाका. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असेल, तर मधल्या काळात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. मजकूर गेला असं समजून फाइल पुसू नका. फॉन्ट परतला की मराठी पुन्हा दिसेल.

ऑटोरिकव्हर मुळात दर १० मिनिटांनी चालतं. 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये जाऊन ते २ मिनिटांवर आणा.