काशीचा घाट आणि ऊर्जेची गुणपत्रिका

दशाश्वमेध घाट म्हटलं की नानासाहेब पेशवे आणि अहिल्याबाई होळकर आठवतात. पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास तो बांधवला, १७७४ मध्ये अहिल्याबाईंनी पुन्हा काम करून घेतलं. आज त्याच पायऱ्यांवर बसून एक वेगळा हिशोब मांडू. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, यांत ऊर्जा नेटकी वापरणारं राज्य कोणतं?

या प्रश्नाला कायद्याचा आधार मिळाला २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने. पुढच्याच वर्षी केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आला. राज्यांनी आपापली यंत्रणा नेमली. आपल्याकडे ते काम महाऊर्जाकडे गेलं. राज्यांची गुणपत्रिका निघायला मात्र २०१८ उजाडलं. इमारती, उद्योग, पालिका, वाहतूक, शेती, वीजवितरण असे तिचे विषय. पहिल्याच यादीत महाराष्ट्र पुढच्या रांगेत होता. २०२४ च्या निर्देशांकात सर्वाधिक ऊर्जा वापरणाऱ्या राज्यांच्या गटात तो पहिला आला. उत्तर प्रदेशही त्याच गटात.

आनंद आहेच. पण गुण कशाचे? बरेचसे तयारीचे: नियम केला का, निधी ठेवला का, अंमलबजावणी होते का. उत्तर प्रदेशात माणशी विजेचा वापर महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आहे. त्याला कार्यक्षमता म्हणायचं? मुळीच नाही. ज्या घरात पंखाच नाही, तिथे बचत कसली मोजता!

म्हणून घाटावरच्या दोन गोष्टी बघा. पहिली दिवा. साठ वॉटचा पिवळा बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावला, तरी उजेड जवळपास तेवढाच. ही खरी कार्यक्षमता. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा हा दिवा दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या खाली आला, म्हणून तो गरिबाच्या घरात पोचला.

दुसरी नाव. डिझेलच्या नावांना सीएनजी इंजिनं बसवली, नमो घाटाशी तरंगता सीएनजी पंप आला. धूर कमी झाला, हे चांगलंच. पण तेवढंच अंतर कापायला ऊर्जा कमी लागली का, हा निराळा प्रश्न आहे. इंधन बदलणं आणि ऊर्जा वाचवणं यांची आपण सर्रास गल्लत करतो. वल्हं मारणाऱ्या नावाड्याला तर कुठल्याच रकान्यात जागा नाही.

शेतीपंपांचं गणित याहून अवघड. ते पुढच्या भागात.