नेवाळकर ते झांशीवाले

मंडळाची सभासदसूची या वर्षी नव्याने लिहायला घेतली, आणि तिथूनच या लेखाची सुरुवात झाली. जुन्या वह्या तीन, त्यातली एक शाईच्या टाकाने लिहिलेली, बाकी दोन अलीकडच्या. जुन्या वहीत एका घरातले दोघे भाऊ ‘काळे’ म्हणून नोंदलेले. नव्या वहीत त्यांतल्या थोरल्याची मुले ‘काळे’ आणि धाकट्याची मुले ‘काले’! चौकशी केली तेव्हा कळले की धाकट्याच्या मुलांची नावे शाळेत हिंदीतून चढली, गुरुजींना ‘ळ’ ठाऊक नव्हता, पुढे दाखला, मार्कशीट, आधार असे सगळे त्याच मार्गाने गेले. आता घरातल्या नातवंडांना आपली आडनावे एक आहेत की दोन, हेच नीट सांगता येत नाही.

आम्ही हसलो खरे, पण नंतर बराच वेळ त्याच विषयावर बोलत बसलो. इंदूरकर मराठी माणसाला आडनाव ही गोष्ट फार सांभाळावी लागते. गाव सुटले, शेत सुटले, भाषेत निम्मी हिंदी आली. राहिले ते आडनाव. आणि तेही प्रवासात झिजते. अशा प्रवासाचे एक उदाहरण आपल्याच शहरात घडलेले आहे, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे असे वाटले. ते म्हणजे झांशीच्या नेवाळकर घराण्याचे.

‘झांशीची राणी’ म्हटले की शेंबडे पोरही मान डोलावते. पण राणीचे आडनाव काय, असे आम्ही मंडळाच्या बैठकीत सहज विचारले तेव्हा पाच जणांनी ‘तांबे’ म्हटले, एकाने ‘नेवाळकर’, आणि बाकीचे गप्प राहिले. तांबे हे तिचे माहेर. मोरोपंत तांबे हे बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी काशीस होते, मुलीचे नाव मनकर्णिका. १८४२ साली तिचा विवाह झांशीचे गंगाधरराव यांच्याशी झाला, आणि तो झाला झांशी शहरातल्या गणेश मंदिरात. गणेशोत्सवाच्या अंकात एवढी नोंद आम्ही आवर्जून करतो. सासरी आल्यावर मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, आणि आडनाव नेवाळकर.

हे नेवाळकर मूळचे कोकणातले, कऱ्हाडे ब्राह्मण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातील कोट हे घराण्याचे मूळ गाव मानले जाते, आणि त्या गावाला राणीच्या सासरचे गाव म्हणून आजही अभिमान आहे. आडनावाच्या शेवटचा ‘कर’ तर उघडच आहे. पण या ‘कर’ची एक गंमत आमच्या ध्यानात आली ती सांगतो. माणूस आपल्या गावात असतो तोवर त्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला अमुककर म्हणू लागतात. म्हणजे ‘कर’ हा मुक्कामाचा नव्हे, गाव सोडल्याचा दाखला. आपले होळकर हेही तसेच. नीरेकाठच्या होळ गावात राहून मल्हाररावांना कोणी होळकर म्हटले नसते.

कोकणातून घाट चढून आलेली अनेक घराणी अठराव्या शतकात पेशव्यांच्या चाकरीने उत्तरेकडे सरकली. नेवाळकरांचा पहिला मोठा मुक्काम खानदेशात पडला, पारोळ्याला. धुळ्याहून जळगावकडे जाताना हे गाव लागते. आपल्यापैकी अनेक जण लग्नकार्याला त्या रस्त्याने गेलेले असतील. पण थांबून किल्ला पाहिलेले थोडेच. भर बाजारात, भोवती खंदक असलेला हा भुईकोट किल्ला. १७२७ च्या सुमारास जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला असे सांगतात. हरी, सदाशिव, दामोदर ही तिन्ही नावे घराण्यात पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले ‘दामोदर’ वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला होता. छत्रसालाच्या मदतीला पहिले बाजीराव धावून गेले ते १७२९ साली, आणि छत्रसालाच्या पश्चात त्याच्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. त्या मुलखावर कोकणातली आणि देशावरची माणसे सुभेदार, मामलेदार, फडणीस म्हणून गेली. झांशीला आधी नारो शंकर होते. किल्ल्याचा विस्तार आणि शहराची वस्ती त्यांच्या काळातली. त्यानंतर एक-दोन सुभेदार झाले आणि १७६९-७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर झांशीस आले. कर्तबगार माणूस. झांशीतले महालक्ष्मीचे देऊळ त्यांच्या काळातले. थकल्यावर त्यांनी कारभार धाकटे बंधू शिवरामभाऊ यांच्याकडे सोपवला. यांनाच कागदोपत्री शिवरावभाऊ म्हणतात. शहराभोवतीचा तट यांनीच घातला. १८०४ साली त्यांनी इंग्रजांशी तह केला, आणि १८१७ साली पेशव्यांनी बुंदेलखंडावरचा हक्क सोडल्यावर इंग्रजांनी झांशीवर या घराण्याचा वंशपरंपरा अधिकार मान्य केला. सुभेदाराचा राजा झाला. कोट गावचा ‘कर’ झांशीच्या गादीवर बसला.

याच मुलखात दुसऱ्या एका कोकणी माणसाचे आडनाव निराळ्या रीतीने बदलले. गोविंदपंत खेर, रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडात त्यांनी अशी काही मुळे धरली की इतिहासात ते गोविंदपंत बुंदेले झाले; खेर हे आडनाव शाळेच्या पुस्तकात शोधून सापडायचे नाही. नारो शंकर तर दाणी, पण वंशजांकडे आडनाव चालले ते ‘राजेबहादूर’ या किताबाचे. म्हणजे एकाने मुलखाचे नाव घेतले, दुसऱ्याने किताबाचे, आणि नेवाळकर मात्र तीन पिढ्या गादीवर बसूनही नेवाळकरच राहिले. सत्ता हाती असेपर्यंत त्यांना आडनाव बदलण्याची गरज पडली नाही, असे आम्हांला वाटते. ती गरज पडली सत्ता गेल्यावर.

गंगाधररावांना १८५१ साली मुलगा झाला, त्याचे नाव दामोदर ठेवले, आणि तो तीन महिन्यांत गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव स्वतः अंथरुणाला खिळले. तेव्हा घराण्याच्या पारोळ्याकडच्या शाखेतल्या वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव, वय चार-पाच वर्षांचे, त्याला २० नोव्हेंबरला दत्तक घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी महाराज वारले. दत्तविधान सगोत्र, सकुलीन. म्हणून आडनाव तेच राहिले. बदलले ते पोराचे नाव. गेलेल्या मुलाचे नाव त्याला दिले: दामोदर. एका आईचे दुःख आणि एका राज्याची आशा, दोन्ही त्या पाच वर्षांच्या पोराच्या नावावर चढवली.

पुढचे सर्वांना माहीत आहे, तेव्हा भरभर सांगतो. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. राणीला दरमहा पाच हजारांचे वेतन देऊ केले. गंगाधररावांची खाजगी ठेव सरकारने मुलगा सज्ञान होईपर्यंत स्वतःकडे ठेवली. त्यातले एक लाख रुपये दामोदराच्या मुंजीसाठी काढायला राणीला जामीन द्यावे लागले. जून १८५७ मध्ये झांशीच्या शिपायांनी उठाव केला. त्याच धामधुमीत पारोळ्याच्या शाखेतले सदाशिवराव करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःला झांशीचा राजा म्हणवू लागले, आणि राणीला फौज पाठवून आपल्याच आडनावाच्या माणसाला कैद करावे लागले. आडनाव एक असले म्हणजे माणसे एक असतात असे नव्हे, हे आपल्या मंडळात तरी कोणाला सांगायला नको! मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने वेढा घातला, एप्रिलच्या सुरुवातीस शहर पडले, राणी दामोदराला घेऊन काल्पीस व तिथून ग्वाल्हेरीस गेली, आणि जूनमध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत पडली. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झांशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांच्या घरी नसेल त्यांनी मंडळाच्या वाचनालयातून जरूर न्यावा.

आमचा विषय राणीनंतर सुरू होतो. आठ-नऊ वर्षांचा दामोदर मागे राहिला. त्याच्या नावे प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाप्रमाणे राणीच्या विश्वासू माणसांनी त्याला सुमारे दोन वर्षे रानावनात लपवून हिंडवले, पुढे झालरापाटणला नेले, आणि तिथून १८६० साली तो इंदुरास इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या स्वाधीन झाला. लहानसे वेतन ठरले. बापाची ठेव बंडखोरीच्या नावाखाली गेली ती गेलीच. पुढे अर्ज-विनंत्यांचा उपयोग झाला नाही. इंदुरातच तो वाढला, शिकला, संसाराला लागला, आणि २८ मे १९०६ रोजी इंदुरातच वारला. द. ब. पारसनीसांनी राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले ते १८९४ साली. म्हणजे ते पुस्तक छापून आले तेव्हा राणीचा मुलगा आपल्या शहरात हयात होता. आमच्या पणजोबांपैकी कोणी त्यांना बाजारात पाहिलेही असेल.

आणि या इंदुरात त्या घराण्याचे आडनाव बदलले. दामोदररावांचे चिरंजीव लक्ष्मणराव आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या ‘झांशीवाले’ म्हणून ओळखल्या जातात. मघाची गंमत इथे पुन्हा लागू पडते. झांशीत राहणाऱ्याला कोणी झांशीवाले म्हणत नाही. हे आडनाव झांशीत जन्मणे शक्यच नव्हते. ते इंदुरात जन्मले. शिवाय प्रत्यय पाहा. ‘कर’ गेला आणि ‘वाले’ आला. झांशीकर असे मराठी वळणाचे नाव सहज झाले असते, पण नाव चालवणारे लोक माळव्यातले, हिंदी बोलणारे.

हे आडनाव घराण्याने हौसेने घेतले की लोकांनी चिकटवले, यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्यातल्या एकांचे म्हणणे असे की नेवाळकर टाकणे म्हणजे दोनशे वर्षांचा वारसा टाकणे. आम्हां बाकीच्यांना तसे वाटत नाही. इंदुरात ‘नेवाळकर’ म्हटले असते तर शेजाऱ्याला काय कळले असते? कोकणातले कुठलेसे गाव. ‘झांशीवाले’ म्हटले की दुसरा प्रश्न उरत नाही. राज्य काढून घेतले, ठेव काढून घेतली, राजा ही पदवी देण्याचा प्रश्नच नव्हता. पण आडनावावर कुठल्या गव्हर्नर जनरलचा हुकूम चालणार? ज्या गावाची गादी दत्तकाला नाकारली, त्याच गावाचे नाव त्याच्या वंशाने रोजच्या सहीत लिहिले. आमच्या मते त्या घराण्याने वारसा टाकला नाही, फक्त एक मुक्काम पुढचा धरला.

मात्र किंमतही पडली. झांशीत आज किल्ला आहे, राणीमहाल आहे, लक्ष्मीतालावर राणीने बांधवलेली गंगाधररावांची छत्री आहे. नेवाळकर हे नाव तिथे पाटीवर वाचायला मिळते, आणि तेही बहुतेक ठिकाणी ‘नेवालकर’ असे. ‘ळ’ तिथेही गळाला! आमचे काळे-काले बंधू एकटे नाहीत, एवढेच समाधान. कोकणात आणि मुंबई-पुण्याकडे नेवाळकर आडनावाची घरे आहेत, पण ती सगळी झांशीच्या शाखेची समजू नयेत. आणि झांशीवाल्यांचे घरही आता इंदुरात राहिलेले नाही. पुढची पिढी नोकरीनिमित्त नागपुरास गेल्याचे वर्तमानपत्रांतून वाचले. कोट, पारोळे, झांशी, इंदूर, नागपूर. नागपुरात आता कोणी त्यांना इंदूरवाले म्हणते की काय, कोण जाणे.

पुन्हा सभासदसूचीकडे येतो. आमच्या तीन वह्यांत ‘कर’ने संपणारी आडनावे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काही घरी आम्ही विचारले, तुमचे हे गाव कुठे? रामबागेतल्या एका आजींनी तालुक्यासकट सांगितले, ग्रामदैवताचे नावही सांगितले. त्यांच्या नातवाने फोनवर शोधले तर त्या नावाची गावे तीन निघाली. आजींच्या ग्रामदैवतामुळेच त्यांतले आपले कोणते ते ठरले. आजींचे वय ८८. बाकीच्या घरांत ‘कोकणात कुठेतरी’, ‘साताऱ्याकडे असेल’ अशी उत्तरे मिळाली.

म्हणून यंदाच्या सूचीत दोन रकाने नवे काढले आहेत. एक ‘मूळ गाव व ग्रामदैवत’, आणि दुसरा ‘त्यापूर्वीचे आडनाव, माहीत असल्यास’. कोरे कागद अनंत चतुर्दशीपर्यंत मंडपाच्या डाव्या हाताच्या टेबलावर ठेवलेले असतील. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून भरावेत, आणि आडनावात ‘ळ’ असेल तर तो ‘ळ’च लिहावा.